धागा वर काढताना

विंडोज एक्सपीच्या संगणकावर मराठी नीट दिसायची तर आधी एका चौकटीत खूण करावी लागायची. कंट्रोल पॅनेल उघडायचं, भाषांच्या पानावर जायचं, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीची म्हणून एक ओळ असायची तिच्यापुढे टिचकी मारायची. मग यंत्र मूळ सीडी मागायचं. ती सीडी बहुतेक घरांत नसायची. संगणक जोडून देणाऱ्याला फोन करायचा, नाहीतर ऑफिसातल्या मित्राकडून एका दिवसाच्या बोलीवर आणायची, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. एवढं झालं, की काल जिथे रिकाम्या चौकोनांची रांग होती तिथे अक्षरं उभी राहायची. हा खटाटोप अर्धवट राहिला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन पडायची आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी सुटी दिसायची.

२००३ ते २००८ या काळात असंख्य मराठी माणसांनी हा खटाटोप केला. त्यांना कुणी पगार देणार नव्हतं, की कुठे नाव छापून येणार नव्हतं. मायबोली, मनोगत, मिसळपाव अशा मराठी संकेतस्थळांवर काय लिहिलं जातंय ते वाचायचं होतं, आणि जमलं तर आपणही चार ओळी लिहायच्या होत्या. ऑनलाइन लिहिणाऱ्या मराठी माणसांचा हा गोतावळा कसा वाढला याचा माग काढायचा, तर या अडचणींच्या वाटेनंच जायला हवं. एकेक अडचण हटली आणि त्या दारातून माणसं आत आली.

सुरुवात एक्सपीच्या बरीच आधीची. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा ते मोजक्या महानगरांत होतं आणि फोनच्या तारेतून रांगत यायचं. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी मुलांना मात्र यूझनेट ठाऊक होतं. तिथे मराठीसाठी चर्चागट होता आणि त्यातलं सगळं लेखन रोमन लिपीत चालायचं. के, ए, एल ही तीन अक्षरं म्हणजे काल, कल की कळ, हे वाचणाऱ्यानं संदर्भावरून ठरवायचं. ‘ळ’ आणि ‘ण’ तर हरवूनच गेलेले. यावर तोडगा म्हणून अविनाश चोपडे यांनी १९९१ मध्ये आयट्रान्स ही पद्धत काढली. लहान अक्षर टंकलं तर ‘न’, मोठं टंकलं तर ‘ण’, अशा नियमांनी रोमनमधून नेमकी देवनागरी छापता येऊ लागली. परदेशात गाण्यांचे आणि स्तोत्रांचे संग्रह करणाऱ्यांनी ती उचलून धरली.

१६ सप्टेंबर १९९६ ला गणेश चतुर्थी होती. त्या दिवशी अमेरिकेतून अजय गल्लेवाले यांनी मायबोली सुरू केली. गप्पांसाठी तिथे ‘हितगुज’ नावाचा विभाग होता. त्यातल्या एकेका विषयाच्या पानाला बुलेटिन बोर्ड म्हणत. ‘बुलेटिन बोर्ड’चं झालं ‘बातमीफलक’, आणि बातमीफलकाचं झालं ‘बाफ’. हा शब्द मायबोलीवर इतका मुरला, की पुढे बातमीफलक हे मूळ रूप आठवण्याचं कुणाला कारणच उरलं नाही.

पहिले लिहिणारे बहुतेक परदेशातले होते, आणि त्याचा या जागेच्या स्वभावावर कायमचा परिणाम झाला. कॅलिफोर्नियातला माणूस रात्री निजायच्या आधी काहीतरी लिहून जायचा, तेव्हा पुण्यात सकाळ झालेली असायची. पुण्यातली माणसं दिवसभर उत्तरं द्यायची, मधेच लंडनहून कुणी डोकवायचं, आणि कॅलिफोर्नियात उजाडेपर्यंत पान भरून गेलेलं असायचं. काही पानं तर ‘वाहती’ होती. ठरावीक संख्येचे शेवटचे निरोप राहायचे, त्याआधीचे वाहून जायचे. गल्लीतल्या कट्ट्यावरचं बोलणंही असंच विरून जातं. परक्या देशात बर्फ पडत असताना ज्याला कुणाशी तरी मराठीत बोलायचं होतं, त्याला या वाहत्या पानानं मोठा आधार दिला.

फाँटचा गोंधळ तेव्हा भरात होता. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, योगेश अशी नावं मराठी संगणक वापरणाऱ्यांच्या तोंडी होती. प्रत्येक फाँटची बैठक वेगळी. इंग्रजी ‘के’च्या जागी एकात ‘क’ बसवलेला, दुसऱ्यात भलतंच काही. लिहिणाऱ्याकडचा फाँट वाचणाऱ्याकडे नसला तर लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि चिन्हं यांची अर्थहीन गर्दी दिसायची. वर्तमानपत्रांची संकेतस्थळंही आपापला फाँट उतरवून घ्यायला लावायची. मराठीत काही शोधायचं म्हटलं तर शोधयंत्राला ती अक्षरं मराठी आहेत हेच कळायचं नाही. लिहिलेलं असायचं, पण ज्या घरात लिहिलं तिथेच कोंडलेलं.

ही कोंडी युनिकोडनं फोडली. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला होता, पण घरच्या संगणकापर्यंत तो पोचायला दशक गेलं. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आला. त्याचा आराखडा र. कृ. जोशी यांचा. ते कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे. पुढची कित्येक वर्षं मराठी माणसानं पडद्यावर वाचलेलं जवळपास प्रत्येक अक्षर या मराठी कवीच्या हातून उतरलेलं होतं. हे ज्यांना ठाऊक नव्हतं तेही रोज त्यांचीच अक्षरं वाचत होते. याची नोंद साहित्याच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

अक्षरं दिसू लागली, तरी ती टंकायची कशी हा प्रश्न होताच. सरकारी इनस्क्रिप्ट कळफलक शिकायची चिकाटी थोड्यांकडेच होती. बाकीच्यांना उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबून देवनागरी हवी होती. महेश वेलणकर यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या मनोगतवर हीच सोय होती. वेगळं काही उतरवून घ्यायला नको. पानावरच्या चौकटीत टंकत गेलं की डोळ्यांसमोर मराठी उमटायची. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’नं तीच सोय इतर अनेक ठिकाणी पोचवली. ज्ञ काढायला डी, एन, वाय. ‘पुऱ्या’ लिहिताना मोठा आर, ‘सूर्य’ लिहिताना लहान. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, हा फरक एका कळेवर येऊन ठेपला. नव्या सदस्याचा पहिला प्रश्न हमखास टंकण्याविषयीच असायचा, आणि त्याला पहिलं उत्तर देणारा सदस्य हाच त्याचा पहिला स्नेही ठरायचा.

त्या काळाची एक खूण जुन्या पानांवर आजही दिसते. मराठी ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर सगळे ‘ए’वर चंद्र काढून काम भागवत. म्हणून तेव्हाच्या लेखनात ‘ऍडमिन’ आणि ‘ऍसिडिटी’ भेटतात. जुन्या पोथीचा काळ अक्षराच्या वळणावरून ठरवतात, तसा या लेखनाचा काळ त्या चंद्रावरून थोडाफार ताडता येतो.

मनोगतचा आग्रह स्वच्छ मराठीचा होता. कळांवरचे शब्द मराठी, सूचना मराठी, शुद्धलेखन तपासणारी सोय तिथेच दिलेली. या आग्रहातून ‘प्रतिसाद’, ‘दुवा’, ‘व्यक्तिगत निरोप’ असे शब्द रोजच्या वापरात आले. व्यक्तिगत निरोपाचा लगेच ‘व्यनि’ झाला. ‘डेटा’साठी ‘विदा’ हा शब्द याच मंडळींनी वाद घालत, वापरत रुळवला. परिभाषा कोशांतले हजारो शब्द छापील पानांतच राहिले; हे टिकले, कारण ते वापरणाऱ्यांच्या गरजेपोटी जन्मले होते.

पण सगळ्यांना तो आग्रह मानवणारा नव्हता. कोल्हापुरी, मालवणी, वऱ्हाडी बोलीत लिहायची हौस असलेले होते, मनात येईल तसं मोकळं लिहू बघणारे होते. २००७ मध्ये तात्या अभ्यंकर यांच्या पुढाकारानं मिसळपाव उघडलं आणि ही मंडळी तिथे जमली. विभागांची नावंच पाहा: चर्चेसाठी ‘काथ्याकूट’, ललित लेखनासाठी ‘जनातलं, मनातलं’, कवितेसाठी ‘जे न देखे रवी’. एकमेकांच्या वहीत चार शब्द खरडून जायला ‘खरडवही’. त्याच वर्षी ‘उपक्रम’ही सुरू झालं. तिथे माहितीपर लेखन आणि चर्चा चालायची, कथा-कवितांना जागा नव्हती. २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’ आलं; नाव ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं.

या फाटाफुटीकडे मराठी माणसाच्या भांडखोरपणाचा नमुना म्हणून बोट दाखवलं गेलं आहे. भांडणं झाली, नाकारण्यात अर्थ नाही. शुद्धलेखनावरून झाली, जातीवरून झाली, ‘डुआयडी’ म्हणजे एकाच माणसानं घेतलेल्या दुसऱ्या नावावरून तर अखंड झाली. तरीही परिणाम वाढीचाच झाला. गंभीर माहिती लिहिणाऱ्याला एक घर मिळालं, गावाकडच्या भाषेत हाणणाऱ्याला दुसरं. आणि बरेच जण दोन्हीकडे लिहायचे; सकाळी एकीकडे संस्कृत व्युत्पत्तीवर वाद, रात्री दुसरीकडे मिसळीच्या कटावर.

नवा शब्दसंग्रह याच वर्षांत बहरला. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. हसून हसून पुरेवाट झाली की ‘हहपुवा’. नुसतं वाचणारा, कधीच न लिहिणारा तो ‘रोमात’. फेसबुकचं झालं चेहरापुस्तक, म्हणून ‘चेपु’, व्हॉट्सॲपचा ‘कायप्पा’. मायबोलीवर सदस्याला आवडत्या लेखांची छोटी यादी ठेवता यायची, तिचं नाव ‘निवडक दहा’. एखाद्या लेखाखाली कुणी फक्त ‘निवडक दहात’ एवढंच लिहिलं, तर लिहिणाऱ्याला पुरस्कार मिळाल्यासारखं व्हायचं, कारण त्या वाचकानं आपल्यासाठी दुसरं काहीतरी त्या दहांतून बाहेर काढलेलं असू शकायचं.

‘पुभाप्र’ची ताकद मोठी होती. क्रमशः कादंबरी लिहिणाऱ्याला भाग टाकल्यावर तासाभरात वाचकांचं मन कळायचं. बेफिकीर या नावानं लिहिणाऱ्या भूषण कटककर यांच्या ‘हाफ राईस दाल मारके’ची मायबोलीवर लोक अशीच वाट पाहायचे. मासिकांतून क्रमशः छापण्याची मराठीतली परंपरा जुनी आहे, पण तिथे वाचकाचं पत्र महिन्यानं यायचं. इथे वाचक लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावत होता. त्यानं लेखन घाईचं झालं असं म्हणता येईल, आणि काही वेळा झालंही. पण ज्यांना कुठल्याही संपादकाचा पत्ता ठाऊक नव्हता अशांना त्यानं लिहितं ठेवलं, हे पारडं जड आहे.

लिहिण्याचं सगळ्यात रुंद दार मात्र स्वयंपाकघरातून उघडलं. मायबोलीवर पाककृतीसाठी ठरलेला साचा आहे: लागणारा वेळ, लागणारे जिन्नस, क्रमवार पाककृती, वाढणी/प्रमाण, अधिक टिपा, माहितीचा स्रोत. ‘मला कुठे लिहिता येतं’ म्हणणाऱ्या बाईला हा साचा घाबरवत नाही. रकाने भरायचे आहेत, एवढंच. पण ‘अधिक टिपा’त हात सैल सुटतो. खवा मिळत नव्हता म्हणून रिकोटा चीज आणि दुधाची पावडर मायक्रोवेव्हमध्ये फिरवून पेढे कसे केले, पहिल्यांदा ते कसे फसले, घरी कोण काय म्हणालं, असं सगळं तिथे उतरतं. ‘माहितीचा स्रोत’ या रकान्यात कुणी ‘आई’ लिहितं, कुणी ‘शेजारच्या काकू’, आणि कधी तिथेच त्या काकूंविषयी दोन ओळी येतात. त्या दोन ओळी म्हणजे ललित लेखच. पाककृतीपासून सुरू करून पुढे कथा आणि प्रवासवर्णनापर्यंत गेलेल्या बायका या ठिकाणांनी कितीतरी पाहिल्या. मायबोलीवर स्त्रियांसाठी ‘संयुक्ता’ हा स्वतंत्र गटही होता. चारचौघांत न लिहिता येणारं तिथे लिहिता आलं.

माणसं पडद्याबाहेरही भेटू लागली. मायबोलीकरांचं ‘गटग’, म्हणजे गेट-टुगेदर; मिसळपावकरांचा ‘कट्टा’. पावसाळ्यात ‘ववि’, म्हणजे वर्षाविहार. पुण्या-मुंबईहून बस निघायच्या आणि ज्यांची नुसती टोपणनावं माहीत होती ती माणसं बसमध्ये शेजारी येऊन बसायची. मायबोलीचे टीशर्ट निघायचे, त्यातून उरलेले पैसे सामाजिक संस्थांना जायचे. गणेशोत्सवात स्पर्धा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिवसाचे उपक्रम, दिवाळीला अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा सुरू केली, ती इथे कागदाशिवाय चालू राहिली. संपादक एका खंडात, मुद्रितशोधन करणारी दुसऱ्या, चित्रं काढणारा तिसऱ्या. सगळे नोकरी सांभाळून जागरणं करणारे.

वाढ मोजायची एक चोख जागा या ठिकाणांच्या रचनेतच आहे. मनोगत, उपक्रम, मिसळपाव आणि २००८ च्या सुमारास रूप पालटलेली मायबोली ही सगळी ड्रुपल या मुक्त प्रणालीवर उभी राहिली. बेल्जियमच्या ड्रिस बॉयटार्टनं ती २००१ मध्ये सर्वांसाठी खुली केली होती. ड्रुपल प्रत्येक नव्या पानाला ओळीनं पुढचा क्रमांक देतं आणि तो पानाच्या पत्त्यात शेवटी दिसतो. मायबोलीवर २००८ मधल्या धाग्यांचे, म्हणजे लेखांच्या आणि चर्चांच्या पानांचे, क्रमांक चार अंकी आहेत. लवकरच ते पाच अंकी झाले, आणि पुढच्या दशकाच्या मध्याला पन्नास हजारांपलीकडे गेले. उडवलेले धागे, गटांची अंतर्गत पानं, स्पर्धेच्या प्रवेशिका हे सगळं त्यात येतं, त्यामुळे हा लेखांचा काटेकोर हिशेब मानता येत नाही. चाल मात्र कळते. पन्नास हजारांनंतरही आकडा वाढत राहिला, पण सावकाश.

ही चाल मंदावण्याचं कारण खिशात येऊन बसलं होतं. सुरुवातीच्या फोनवर देवनागरीचे पुन्हा चौकोनच दिसायचे. ऑपेरा मिनीमध्ये एक छुपं पान होतं. तिथे जाऊन गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय निवडला की मराठी वाचता यायची, आणि ही युक्ती धाग्यांतून एकमेकांना शिकवली जायची. पुढे फोनलाच मराठी येऊ लागली, कळफलक आला, बोलून टंकता येऊ लागलं. अडचण हटली तशी माणसं पुन्हा लोटली, पण या वेळी ती फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर गेली. २०१४ मध्ये बंगळुरूहून सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठी कथा लिहिणाऱ्यांची नवी पिढी उभी राहिली. त्यातल्या पुष्कळांनी मनोगतचं नावही ऐकलं नव्हतं. उपक्रम शांत झालं, मनोगतवरची वर्दळ ओसरली. जुन्या ठिकाणांनीही नव्या मापाला साजेसं काही शोधलं. शतशब्दकथा, म्हणजे ‘शशक’: मोजून शंभर शब्द, फोनच्या दोनेक पडद्यांत मावणारी गोष्ट. तिच्या स्पर्धांना भरभरून प्रतिसाद आला.

काही मात्र कायमचं गेलं. सह्याद्रीतल्या भटकंतीचे लेख हे मायबोली-मिसळपावचं वैभव होतं. त्यातले फोटो पिकासा, फोटोबकेट अशा परक्या ठिकाणी ठेवून लेखात नुसता दुवा दिलेला असायचा. २०१६ मध्ये गूगलनं पिकासा गुंडाळलं, २०१७ मध्ये फोटोबकेटनं फुकट दुवे बंद केले. आज अशा लेखांत ‘समोर दिसणारा हा सुळका’ असं वाक्य येतं आणि खाली रिकामी चौकट असते. मजकूर तगला, चित्रं गेली. उलट मायबोलीनं जुनं हितगुज जपून वाचण्याजोगं ठेवलं, त्यामुळे फाँटच्या जंजाळातून आलेली कितीतरी बोलणी आजही उघडता येतात.

१६ सप्टेंबर २०२१ रोजी मायबोलीला २५ वर्षं पूर्ण झाली. दरवर्षी गणपतीच्या आधी तिथे उकडीच्या मोदकांचे जुने धागे जागे होतात. ‘धागा वर काढतेय’ असं लिहून कुणीतरी विचारतं, की इथल्या दुकानात मिळणाऱ्या तांदळाच्या पिठाची पारी वळताना चिरते, काय करू? खाली सूचना येऊ लागतात. पाण्यात चमचाभर तूप घाल. पिठी शक्यतो बासमतीची घे. उकड गरम असतानाच मळ, हात भाजला तर पाण्यात बुडवून घे. पहिला घाणा चिरला तरी सोडू नकोस. उत्तर देणारीच्या नावावर टिचकी मारली, की तिचं मायबोलीवरचं वय दिसतं, वर्षांत आणि आठवड्यांत.